चाळीस पानांचा प्रकल्प नको, चार पानांचा निबंध मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपत आले की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगसाठी गर्दी होते. त्या गठ्ठ्यातला मराठी विषयाचा कोणताही एक प्रकल्प उघडून पाहावा. पहिली दहा-बारा पाने लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार आणि ग्रंथसंपदा यांची. मग ‘स्वरूप आणि संकल्पना’ नावाचे, व्याख्यांनी भरलेले प्रकरण. त्यानंतर कथानकाचा सारांश आणि शेवटी दोन पानांचा उपसंहार. चाळीस पाने भरतात, गुणही मिळतात. पण विद्यार्थ्याने मूळ पुस्तक समोर ठेवून, स्वतः विचार करून लिहिलेली ओळ त्यात शोधावी लागते. साहित्याच्या अभ्यासाचे जे मर्म, तेच या कामातून गळून गेले आहे, आणि ते परत आणणे अवघड नाही, म्हणून हे पत्र.

दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून चालणार नाही. शाळेत ते रसग्रहण लिहायला शिकले ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरलेल्या खणांत. पदवीला आल्यावर दीर्घोत्तरी प्रश्न, त्यांची तयार उत्तरे आणि अपेक्षित प्रश्नसंच. मग एके दिवशी सूचना फलकावर ‘प्रकल्प सादर करण्याची अंतिम तारीख’ लागते. प्रश्न कसा विचारायचा, टिपण कसे काढायचे, दुसऱ्याचे मत आपल्या लिखाणात कसे आणायचे, यासाठी वेळापत्रकात एकही तास नसतो. आणि आता तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडू शकतो आणि त्याला १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) प्रबंध लिहावा लागतो. सहा सत्रांत ज्याने चार पानांचा स्वतःचा निबंध लिहिलेला नाही, तो सातव्या सत्रात प्रबंध कसा उभा करणार?

आमची सूचना अगदी साधी आहे. पहिल्या तीन वर्षांत प्रकल्पाची पाने कमी करा. एका सत्रात एक निबंध, साधारण १२०० ते १५०० शब्दांचा, म्हणजे टंकलिखित चार पानांचा, आणि तो दोनदा लिहून घ्या. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने प्रत्येकी चाळीस पाने दिली तर २,४०० पाने होतात. ती कोणताही शिक्षक वाचू शकत नाही. तो चाळतो, आणि तो चाळणार हे ठाऊक असल्याने विद्यार्थी भरतो. चार पानांची २४० पाने होतात. ती एकदा वाचून, समासात शेरे लिहून परत देता येतात आणि सुधारलेला मजकूर पुन्हा वाचता येतो. जे शिकणे होते ते या परत देण्या-घेण्यातच होते.

निबंध कसा घडतो याचे काही टप्पे इथे मांडतो, कारण ‘चांगले लिहा’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ विषयाला द्यायला हवा, आणि नेमका तोच सगळ्यात कमी दिला जातो. ‘कुसुमाग्रजांच्या साहित्यातील मानवतावाद’ हे नाशिकमध्ये दर वर्षी निवडले जाणारे शीर्षक. यात प्रश्न कुठे आहे? साहित्य म्हणजे कविता, नाटके, कथा, कादंबऱ्या सगळे आले आणि ‘मानवतावाद’ या शब्दात काहीही बसते. तो आढळत नाही असे कुणी म्हणणारच नाही, त्यामुळे सिद्ध करण्याजोगेही काही उरत नाही. आता हेच आवळत जाऊ. सगळ्या साहित्याऐवजी १९७० साली रंगभूमीवर आलेले ‘नटसम्राट’ हे एकच नाटक घ्या. नाटकातले सगळे घेण्याऐवजी माणसे एकमेकांना काय म्हणून हाक मारतात एवढेच पाहा. त्यातही एकच हाक घ्या : अप्पासाहेब बेलवलकर पत्नीला, कावेरीला, ‘सरकार’ म्हणतात. आता प्रश्न तयार झाला. घर आणि पैसा मुलांना देऊन टाकल्यानंतर ‘सरकार’ या हाकेचा अर्थ तोच राहतो की बदलतो? याला दोन समंजस वाचक दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात. उत्तर नाटकातली जागा दाखवून द्यावे लागते. आणि ते दीड महिन्यात लिहून होते. प्रश्न या तीन कसोट्यांना उतरला तरच विषय पक्का करावा. शीर्षकात ‘एक अभ्यास’, ‘एक चिंतन’ किंवा ‘विविध पैलू’ हे शब्द घालावेसे वाटले, तर प्रश्न अजून सापडलेला नाही असे खुशाल समजावे.

मूळ पुस्तक तीनदा वाचायचे. पहिल्यांदा पेन्सिल न घेता, वाचकासारखे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, पण अर्थ लावायची घाई न करता, केवळ खुणा करत. खुणा कशाच्या? जे पुन्हा पुन्हा येते त्याच्या आणि जिथे यावे असे वाटत असताना येत नाही त्याच्या. मराठीत काही जागा फार बोलक्या असतात. एखादे पात्र दुसऱ्याला ‘तू’ म्हणत असताना मध्येच ‘तुम्ही’वर किंवा ‘आपण’वर जाते, ती एक. ग्रामीण कादंबरीत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत असताना निवेदनात अचानक बोलीतला शब्द येतो, ती दुसरी. तिथे निवेदक पात्राच्या जवळ सरकलेला असतो. नाटकात रंगसूचना आणि कोण केव्हा आत येते, कोण बाहेर जाते हे लिहून काढावे. कवितेत ओळ मोठ्याने वाचून मात्रा मोजाव्यात आणि लय जिथे अडखळते तिथे थांबून का अडखळते हे पाहावे. कवितेवर लिहिताना मोठ्याने वाचणे बहुतेक जण टाळतात आणि मग छंदावर लिहायची वेळ आली की पाठ्यपुस्तकातली व्याख्या उतरवतात. तिसरे वाचन फक्त ठरलेल्या प्रश्नासाठी.

टिपणांसाठी वही नको, सुटे कागद हवेत. पोस्टकार्डाच्या आकाराचे, म्हणजे साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरचे जाड कागद कापून घ्यावेत. फुलस्केपचे तुकडे केले तरी चालतात. एका कागदावर एकच मुद्दा. उजव्या कोपऱ्यात लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक आधी लिहायचा, मजकूर नंतर. जसेच्या तसे उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत, आणि आपली प्रतिक्रिया वेगळ्या रंगाच्या शाईत. हा दुसरा रंग ऐच्छिक समजू नये. तीन आठवड्यांनी कागद हातात आला की कोणते वाक्य समीक्षकाचे आणि कोणते आपले हे आठवत नाही. मुद्दाम न केलेली वाङ्मयचौर्ये बहुधा इथेच जन्म घेतात. सुट्या कागदांचा दुसरा फायदा लिहायला बसल्यावर कळतो. ते टेबलावर पसरून क्रम लावता येतो, हलवता येतो. एखाद्या मुद्द्याखाली एकच कागद उरला तर तो मुद्दा कच्चा आहे हे डोळ्यांना दिसते.

हल्ली ग्रंथालयात पानांचे फोटो काढून घेतात. हरकत नाही, पण पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा, दुसरा त्यामागच्या पानाचा, जिथे प्रकाशक आणि आवृत्ती छापलेली असते, आणि मग हव्या त्या पानांचे, पृष्ठ क्रमांक कापला जाणार नाही असे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री ‘हा उतारा कोणत्या पुस्तकातला?’ म्हणून ग्रुपवर पडणारे संदेश या दोन फोटोंनी टळतात. त्याच दिवशी फोटोवरून कागद तयार करावेत, नाहीतर फोटो फोनमध्ये राहतात आणि वाचन राहून जाते. जुन्या पुस्तकांवर अनेकदा फक्त शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या काळासाठी मात्र ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८०० हे १८७८-७९ होय. पुनर्मुद्रणाचे वर्ष पहिल्या आवृत्तीचे म्हणून देणे ही तर नेहमीची चूक. १९४२ च्या कवितासंग्रहाची गेल्या दहा वर्षांतली प्रत हाती असेल तर दोन्ही वर्षे लिहावीत. नाहीतर स्वातंत्र्यापूर्वीची कविता आजची म्हणून वाचली जाते.

संतसाहित्यावर लिहिणाऱ्याने तर आवृत्ती सांगितल्याशिवाय एक ओळही उद्धृत करू नये. तुकारामांच्या गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक वेगळे, संख्या वेगळी, पाठही वेगळे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही पाठभेद आहेत. नुसता ‘अभंग क्र. ३१२’ असा संदर्भ वाचणाऱ्याला कुठेच नेत नाही.

आता शोधाविषयी. नाशिकच्या विद्यार्थ्याला ‘पुस्तके मिळत नाहीत’ हे म्हणायला फारसा वाव नाही. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय गावात आहे, मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय गावात आहे आणि महाविद्यालयांची ग्रंथालये आहेत. अडते ते कसे शोधायचे इथे. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ असतो. पुढे १ म्हणजे कविता, २ म्हणजे नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, आणि साहित्येतिहास व समीक्षा ०९ लावून. एकदा हे कळले की संगणकावर सापडले नाही तरी कपाटासमोर उभे राहून शेजारची पुस्तके पाहता येतात, आणि उपयोगाचे पुस्तक पुष्कळदा शेजारीच असते. दुसरे म्हणजे नावे. एकाच लेखकाची नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाखाली आणि कविता कुसुमाग्रज या नावाखाली असतात. गडकऱ्यांना राम गणेश, गोविंदाग्रज आणि बाळकराम अशा तिन्ही नावांनी शोधावे लागते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता आरती प्रभू या नावाने आहेत, त्यांचेही तसेच. एका नावाने शोधून ‘उपलब्ध नाही’ म्हणून परत फिरणारे बरेच असतात.

पुस्तकांपेक्षा नियतकालिकांतले लेख जास्त कामाचे, कारण एका कृतीवर नेमके लिहिलेले तिथे सापडते. १९५० पूर्वीच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि त्या काळातल्या मासिकांसाठी ‘मराठी नियतकालिकांची सूची’ आहे. पदवीच्या वर्गात या सूचींची नावेही अनेकदा घेतली जात नाहीत, याचे वाईट वाटते. एक माणूस आयुष्य घालून नकाशा करून ठेवतो आणि आपण वाट विचारत फिरतो. शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि मराठी विश्वकोशही आंतरजालावर आहे. ‘सरकार’ या शब्दाला राज्यसत्ता आणि धनी असे दोन्ही अर्थ आहेत, हे कोशात पाहून मग नाटकाकडे वळले तर वरचा प्रश्न अधिक धारदार होतो.

आंतरजालावर मराठीत शोधताना दोन अडचणी येतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तके ‘असें’, ‘करणें’, ‘त्यांत’ अशी अनुस्वारांनी भरलेली आहेत. आजच्या लेखनाने शोधले तर ती निसटतात, म्हणून शब्द दोन्ही तऱ्हांनी टाकून पाहावा. उतारा देताना मात्र मूळचे अनुस्वार तसेच ठेवायचे, सुधारायचे नाहीत. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो. दिसायला अक्षर एकच, पण संगणकाला ती दोन वेगळी वाटतात. शिवाय जुन्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की भलतीच चिन्हे येतात. तिथे हाताने टंकण्याला पर्याय नाही.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे मराठी प्रबंध विद्यार्थी हल्ली सर्रास उघडतात. ते सगळे एका तोलाचे नाहीत. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी पाहावी, तिथून मूळ लेख शोधावेत आणि प्रबंधातली वाक्ये उचलू नयेत. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल एकच सांगणे. ती अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे, प्रकाशक आणि पृष्ठ क्रमांक बेधडक देतात, आणि मराठी समीक्षेबद्दल तर ही फसगत फार सहज होते. जे पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही ते सूचीत घालायचे नाही, हा नियम वर्गात पहिल्याच दिवशी सांगावा. तोंडी परीक्षेत सूचीतले कोणतेही एक पुस्तक निवडून ‘यात तुमच्या प्रश्नावर काय म्हटले आहे?’ एवढे विचारले तरी खरे-खोटे कळते.

दीड हजार शब्दांसाठी संदर्भ किती? मूळ संहिता, तीन किंवा चार समीक्षालेख आणि एखादा कोश. पंचवीस पुस्तकांची सूची पाहून प्रभावित होणे आपण शिक्षकांनी थांबवायला हवे.

खरी परीक्षा परिच्छेदात होते. नेहमीच्या प्रकल्पातला परिच्छेद असा असतो : ‘नटसम्राट ही एक हृदयस्पर्शी शोकात्मिका असून तिच्यात नाटककाराने वृद्धांच्या समस्यांचे वास्तववादी चित्रण केले आहे. अप्पासाहेब ही व्यक्तिरेखा वाचकाच्या मनाचा ठाव घेते. यातून लेखकाची सामाजिक बांधिलकी दिसून येते.’ नाटकाचे आणि पात्राचे नाव झाकून वाचा. हा परिच्छेद शंभर कृतींना लागू पडेल. ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’, ‘ठाव घेते’ हे सगळे निकाल आहेत, पुरावा एकाचाही नाही. आता दुसरा पाहा : ‘अप्पासाहेब कावेरीला “सरकार” म्हणतात. हा शब्द सत्तेचा आहे, पण नवऱ्याने बायकोला वापरल्यामुळे त्यात लाड आणि थट्टा मिसळलेली आहे. घर स्वतःचे असते तोवर ही थट्टा परवडते, कारण खरी सत्ता दोघांकडे असतेच. संपत्ती मुलांच्या नावे झाल्यावर शब्द तोच राहतो आणि त्याच्याखालची जमीन सरकते. ज्यांच्या हुकमाला कुणी विचारत नाही अशा घरात “सरकार” ही हाक आता थट्टा राहत नाही. दोघांनी एकमेकांसाठी राखलेली ती शेवटची प्रतिष्ठा आहे.’ यात एकही विशेषण स्तुतीचे नाही. शेवटच्या वाक्यातले म्हणणे पटेल किंवा पटणार नाही, पण वाद घालायचा तर नाटक उघडावे लागेल. या परिच्छेदात अजून काय हवे तेही दिसते : संपत्ती देण्याआधीची एक आणि नंतरची एक, अशा दोन जागा पृष्ठ क्रमांकासह. त्या नसतील तर शिक्षकाने समासात ‘कुठे?’ एवढाच शब्द लिहावा. मोठ्या शेऱ्यापेक्षा तो जास्त काम करतो.

अवतरणाबाबत एक हिशेब उपयोगी पडतो. एक ओळ उद्धृत केली की तिच्यावर निदान तीन ओळी आपल्या असल्या पाहिजेत, आणि त्या अवतरणातला नेमका शब्द पकडून. पुष्कळ लेखनात अवतरण येते आणि लगेच ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणत पुढे पळ काढला जातो. काय दिसले, कोणत्या शब्दात दिसले, हे राहूनच जाते. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी जागाही मुद्दाम शोधून निबंधात घालावी. वरच्या उदाहरणात अप्पासाहेब बायकोला दुसऱ्या कोणत्या शब्दाने हाक मारतात का, केव्हा मारतात, हे तपासले नाही तर मांडणी लंगडी राहील. समीक्षकाशी असहमत होताना आधी त्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत एका वाक्यात सांगावे, मग आपले वेगळेपण. ‘अमुक यांचे मत योग्य वाटत नाही’ हे असहमती दाखवणे झाले, कारण दिल्याशिवाय ती समीक्षा होत नाही. ‘कवीला असे म्हणायचे आहे’ हेही टाळावे. कवितेत बोलणारा ‘मी’ आणि कवी एकच आहेत हे गृहीत धरून कवीचे चरित्र कवितेत कोंबणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि लेखक-परिचयाची बारा पाने तिलाच खतपाणी घालतात.

संदर्भ देण्याची पद्धत कोणतीही घ्या, पण शेवटपर्यंत एकच ठेवा. मराठीत आडनाव, नाव, ग्रंथनाम, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ हा क्रम पुरतो. ‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधीच्याच पुस्तकात’) हा सोयीचा शब्द पहिल्या खर्ड्यात वापरू नये. परिच्छेद वर-खाली हलवले की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खर्ड्यात प्रत्येक वेळी आडनाव आणि पृष्ठ लिहावे, तत्रैव शेवटच्या दिवशी. एखाद्याचे वाक्य दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले असेल तर ‘उद्धृत’ असे लिहून ज्यात वाचले ते पुस्तक सांगावे. मूळ वाचल्याचा आव आणू नये.

वाङ्मयचौर्याबद्दलची भीती विद्यार्थ्यांत आहे, माहिती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंधाच्या इतर लेखनाशी असलेल्या साम्याचे स्तर ठरवले आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करणे, ६० पर्यंत वर्षभरासाठी सुधारित प्रत देण्यास मनाई, त्यापुढे नोंदणी रद्द. योग्य संदर्भासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. यातून एक घातक समजूत पसरली आहे की दहाच्या आत आले म्हणजे काम स्वच्छ. शब्द बदलून उचललेला विचार कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही, पण तो उचललेलाच असतो. उलट भरपूर संदर्भ देऊन प्रामाणिकपणे केलेल्या लेखनाचा आकडा थोडा वर गेला म्हणून विद्यार्थ्याला घाबरवण्याचे कारण नाही. आकडा पाहण्याऐवजी शिक्षकाने साम्य दाखवलेल्या ओळी पाहाव्यात.

दुसरा खर्डा म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढणे असे समजले जाते. तसे नाही. पहिला खर्डा दोन-तीन दिवस बाजूला ठेवावा. मग प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे समासात एका वाक्यात लिहावे. वाक्य सुचत नसेल तर परिच्छेद काढून टाकावा. दोन परिच्छेदांचे वाक्य एकच येत असेल तर ते जोडावेत. बऱ्याचदा असे आढळते की खरे म्हणणे शेवटच्या परिच्छेदात सापडले आहे, कारण लिहिता लिहिताच ते उमगले. ते उचलून पहिल्या परिच्छेदात आणायचे आणि मधला निबंध त्याच्या उजेडात पुन्हा लिहायचा. हे काम दमवणारे आहे आणि लिहिणे हातात बसते ते यातच. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, मोठ्याने वाचून.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बागलाण, कळवणची अहिराणी, सुरगाणा-पेठकडची कोकणा गाणी यांवर विद्यार्थी आवडीने काम करतात आणि ते फार मोलाचे आहे. पण गाणाऱ्या बाईची परवानगी, गाव, तारीख आणि गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात एवढ्या चार नोंदी नसतील तर ते संकलन नुसता गाण्यांचा ढीग होते. ध्वनिमुद्रण करून, तीनदा ऐकून, जसे म्हटले तसेच लिहावे. अहिराणीतल्या ‘डोया’चा ‘डोळा’ करून दिला की गाण्याचा नादच मोडतो, आणि यमक का जुळत नाही म्हणून पुढचा अभ्यासक डोके धरून बसतो.

हे सगळे करायला पैसे लागत नाहीत, वेळापत्रकात जागा लागते. म्हणून नाशिकच्या मराठी विभागांना आणि प्राचार्यांना आमची विनंती आहे की जूनमध्ये वेळापत्रक बसवताना प्रथम वर्षाला आठवड्यातला एक तास ग्रंथालयात द्यावा, कपाटांमध्ये उभे राहून. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांपैकी ५ गुण दोन खर्ड्यांमध्ये काय बदलले यासाठी ठेवावेत, म्हणजे पहिला खर्डा वेळेवर येईल. लेखक-परिचयाला शून्य गुण ठेवावेत. आणि ग्रंथालयांनी संदर्भ विभाग परीक्षेआधीचे दोन महिने संध्याकाळी आठपर्यंत उघडा ठेवावा, कारण सिन्नर, दिंडोरी, निफाडहून एसटीने येणारी मुले दिवसभर तासांना असतात आणि संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत.

आपला,
मराठी साहित्याचा एक अध्यापक, नाशिक